फॅशिया, कंबरदुखी आणि वाकून करायची कामे : संशोधन नेमके काय सांगते?

रानजाई (धागाकर्ती)

काही वर्षांपूर्वीपर्यंत ‘फॅशिया’ (स्नायूंना लपेटणारे चिवट आवरण) हा शब्द रुग्णाच्या तोंडून ऐकू येत नसे. कंबर धरली, उसण भरली, नस चढली, गादी सरकली, मणक्यात गॅप आला, एवढ्यावर दुखण्याचे वर्णन आटोपत असे. आता मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून आलेली माणसे ‘माझा फॅशिया चिकटला आहे, तो मोकळा करून द्या’ असे सांगतात, आणि तालुक्याच्या ठिकाणी याच नावाने दहा-दहा बैठकांचे पॅकेज विकणारेही भेटू लागले आहेत. मी यवतमाळ जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत बहुतेक जण शेतकरी किंवा शेतमजूर असतात आणि त्यांतही वेचणीला आणि निंदणाला जाणाऱ्या बायका अधिक. या विषयावरचे मूळ संशोधन मन लावून वाचण्यासारखे आहे. मात्र त्याच्या नावावर जे विकले जाते त्याला त्याच संशोधनाचा आधार फार थोडा आहे, आणि ज्याला आधार आहे ते आपल्याकडच्या शेतकामाशी इतके जवळून जोडलेले असूनही कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा काढते आहे.

फॅशिया म्हणजे काय हे ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी मटणाच्या दुकानात थोडा वेळ थांबावे. बोकडाच्या मांडीवरून सुरीच्या टोकाने जो पांढुरका, चिवट, किंचित चमकणारा पापुद्रा सोलून काढला जातो, तो फॅशियाच होय. सोलताना पापुद्रा आणि मांस यांच्यामध्ये ओलसर, अतिशय बारीक तंतू ताणले जाऊन तुटताना दिसतात. तो सैल संयोजी ऊतकाचा, म्हणजे शरीराचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या ऊतकाचा, थर असतो आणि या सगळ्या चर्चेत त्याचे महत्त्व पापुद्र्याइतकेच आहे. माणसाच्या शरीरात त्वचेखाली चरबीच्या सोबतीने एक उथळ फॅशिया असतो, त्याच्या खाली स्नायूंना लपेटणारा खोल फॅशिया असतो आणि स्नायूच्या आतही प्रत्येक जुडग्याभोवती त्याचे पातळ आवरण असते. खोल फॅशियामध्ये कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे दाट थर असतात आणि त्यांच्यामधल्या सैल थरांत हायल्युरोनन नावाचा बुळबुळीत पदार्थ असतो. घडीच्या पोळीचे पदर मधल्या तेलामुळे सुटे राहतात, तसे हे थर त्या पदार्थामुळे एकमेकांवरून सरकू शकतात. इटलीतील पादुआ विद्यापीठात कार्ला स्टेको यांच्या गटाने २०१८ मध्ये हे हायल्युरोनन तयार करणाऱ्या फॅशियातील खास पेशींचे वर्णन केले आणि त्यांना फॅशियासाइट असे नाव दिले.

आता दुखण्याकडे येते. कंबरेच्या मागच्या बाजूला थोराकोलंबर फॅशिया नावाचा मोठा, अनेक पदरी पडदा असतो; वर पाठीचे रुंद स्नायू आणि खाली नितंबाचे स्नायू त्याला येऊन मिळतात, पोटाचे आतले स्नायूही त्याच्या कडेला जोडलेले असतात. हा पडदा केवळ वेष्टन आहे, त्याला संवेदना नाही, असेच दीर्घकाळ धरून चालले जात होते. कॅनडातील याहिया आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये त्यात मज्जातंतूंची संवेदी टोके दाखवून दिली. पुढे हायडेलबर्ग विद्यापीठातील झिगफ्रीड मेन्से यांच्या गटाने २०११ मध्ये उंदरांच्या आणि माणसांच्या ऊतकात वेदनेची सूचना वाहणारी म्हणता येतील अशी मुक्त टोके याच पडद्याच्या बाहेरच्या थरात आणि त्यावरील सैल ऊतकात असल्याचे मांडले. यानंतर २०१४ मध्ये जर्मनीत झालेला प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. बारा निरोगी स्वयंसेवकांच्या कंबरेत सोनोग्राफीच्या मदतीने तीव्र खारट द्रावण टोचण्यात आले, एकदा त्वचेखाली, एकदा स्नायूत आणि एकदा फॅशियात. फॅशियात टोचल्यावर झालेली वेदना सर्वांत अधिक काळ टिकली, सर्वांत मोठ्या भागात पसरली, आणि तिचे वर्णन करताना लोकांनी जळजळ, ठणका, टोचणी असे शब्द वापरले. आपल्याकडे ‘कंबरेत आग होते, बोट ठेवून जागा दाखवता येत नाही’ असे जे सांगितले जाते, त्याच्याशी हे बरेच जुळते.

दुसरी महत्त्वाची मालिका अमेरिकेतील व्हर्माँट विद्यापीठात हेलेन लँजविन यांच्या गटाने केली. जुनाट कंबरदुखी असलेल्यांच्या कंबरेतील संयोजी ऊतकाचा थर निरोगी माणसांपेक्षा सुमारे २५ टक्के जाड असल्याचे त्यांना २००९ मध्ये सोनोग्राफीत आढळले. २०११ मध्ये त्यांनी माणसांना पालथे झोपवून, यंत्राने हलणाऱ्या टेबलावर कंबर आपोआप वाकेल अशी योजना केली आणि त्या वेळी फॅशियाचे थर एकमेकांवरून किती सरकतात हे मोजले. दुखणे असलेल्यांमध्ये ही सरक सुमारे २० टक्क्यांनी कमी होती. ‘फॅशिया चिकटला’ या लोकप्रिय वाक्याच्या मुळाशी बहुधा हाच अभ्यास आहे. त्यात ‘चिकटला’ असे कुठेही म्हटलेले नाही आणि बोटांनी दाबून तो सुटतो असे तर मुळीच नाही.

आपल्या कामाशी याचा संबंध जोडणारा दुवा मात्र बराच जुना आहे आणि फॅशियाच्या व्हिडिओंत तो मला आजवर दिसलेला नाही. फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी १९५५ मध्ये दाखवले की माणूस कंबरेतून पूर्ण खाली वाकला की एका मर्यादेनंतर पाठीच्या कण्यालगतचे स्नायू विद्युतदृष्ट्या जवळजवळ शांत होतात. म्हणजे शरीराचा भार त्या क्षणी स्नायू उचलत नाहीत; तो अस्थिबंध, मणक्यांमधल्या चकत्या (गाद्या) आणि फॅशिया यांच्यावर जातो. कॅनडातील मॅकगिल आणि ब्राउन यांनी १९९२ मध्ये माणसांना वीस मिनिटे पूर्ण वाकवून ठेवले तेव्हा ही ऊतके हळूहळू ताणत गेली, आणि सरळ झाल्यावर पहिल्या दोनेक मिनिटांत निम्मा ताठरपणा परत आला तरी उरलेला ढिलेपणा अर्ध्या तासानंतरही पूर्ण गेला नव्हता. ज्या ऊतकात वेदनेची टोके आहेत त्याच ऊतकावर आपल्या बायका हंगामभर दिवसाचे कित्येक तास भार टाकून वाकलेल्या असतात. दोन्ही बाजू जोडून मी जे म्हणते आहे तो माझा तर्क आहे, कोणत्याही एका अभ्यासाचा निष्कर्ष नव्हे. पण तो तर्क मला ‘चिकटलेला फॅशिया सोडवणे’ यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचा वाटतो.

अस्थिपंजर

उत्तम धागा. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवतो. विच्छेदनगृहात आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे ‘फॅशिया साफ करा आणि स्नायू दाखवा’ असेच सांगत आलो आहोत, त्यामुळे जे चिमट्याने काढून बादलीत टाकले जात होते त्याच्याकडे ऊतक म्हणून पाहण्याची सवयच राहिली नाही. फॉर्मॅलिनने कडक झालेल्या देहात थरांची सरक कळतही नाही. २००७ मध्ये बोस्टनला या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि पेशीविज्ञान, यांत्रिकी व हाताने उपचार करणारे लोक एका सभागृहात आले, त्यानंतर चित्र पालटू लागले.

‘सोडवण्याच्या’ दाव्याबद्दल एक ठोस गोष्ट जोडतो. २००८ मध्ये चौधरी, श्लाइप आणि सहकाऱ्यांनी गणिती प्रतिमान मांडून हिशेब केला की तळपायाचा फॅशिया किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूचा जाड फॅशिया एक टक्का जरी दाबायचा किंवा सरकवायचा असेल, तर लागणारे बल माणसाच्या हातांच्या आवाक्याबाहेरचे असते. नाकावरील मऊ, उथळ फॅशियाच्या बाबतीत ते शक्य आहे, पण मांडीच्या बाबतीत नाही. यात विशेष असे की या अभ्यासातील रॉबर्ट श्लाइप हे स्वतः फॅशिया संशोधनाचे आघाडीचे पुरस्कर्ते आहेत आणि मूळचे हाताने उपचार करणारे आहेत. विरोधकाने काढलेला निष्कर्ष म्हणून तो झटकून टाकता येत नाही.

शंकासूर

दोन्ही प्रतिसाद वाचले. माझी शंका सरळ आहे. दुखणे असलेल्यांचा फॅशिया जाड आहे आणि कमी सरकतो, हे मान्य. पण कंबर दुखते म्हणून माणूस हालचाल कमी करतो आणि हालचाल कमी केली म्हणून थर जाड होतात, असे का नसावे? एकाच वेळी केलेल्या मोजमापावरून आधी काय झाले आणि नंतर काय झाले हे कसे ठरवणार? शिवाय ‘ट्रिगर पॉइंट’ (स्नायूतील दाबल्यावर दुखणारी जागा) या नावाखालीही हेच सर्व पूर्वी विकले गेले आहे, तेव्हा नव्या नावाने जुनाच माल येतो आहे की काय, असे वाटते.

रानजाई

शंका योग्य आहे आणि लँजविन यांच्या गटालाही ती पडली होती, कारण पुढे त्यांनी डुकरांवर प्रयोग केला. काही डुकरांच्या कंबरेच्या फॅशियाला एका बाजूने इजा केली, काहींच्या पायाला बंधन घालून चाल मर्यादित केली आणि काहींच्या बाबतीत दोन्ही केले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात इजा आणि हालचालीची अडवणूक एकत्र आल्यावर थरांची सरक सर्वाधिक घटली. म्हणजे हालचाल रोखणे हे स्वतःच बिघाडाचे कारण होऊ शकते, निदान डुकरांत तरी. पुढच्या अभ्यासात बंधन काढले, काही डुकरांना रोज ताण देण्याचे व्यायाम दिले, तरी महिनाभरात थरांची सरक पूर्ववत झाली नाही; चालण्याचा वेग मात्र सुधारला. हा दुसरा भाग पॅकेज विकणारे सांगत नाहीत. ऊतक बदलल्याशिवाय कार्य सुधारू शकते, हे त्यात दिसते, आणि माझ्या दृष्टीने रुग्णाला सांगण्यासारखी हीच गोष्ट आहे.

ट्रिगर पॉइंटबद्दल आपण म्हणता ते बऱ्याच अंशी खरे आहे. जॅनेट ट्रॅव्हेल, ज्या राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य होत्या, आणि डेव्हिड सायमन्स यांनी १९८३ मध्ये ती कल्पना तपशिलाने मांडली. दाबल्यावर दुखणाऱ्या जागा असतात यात वाद नाही. वाद आहे तो त्या जागी स्नायूत गाठच असते का आणि दोन तपासणाऱ्यांना ती एकाच ठिकाणी सापडते का, याबद्दल. क्विंटनर, बोव्ह आणि कोहेन यांनी २०१५ मध्ये या सिद्धान्तावर कठोर टीका केली आणि ती मला पटते. फॅशियाच्या बाबतीत फरक एवढाच की मज्जातंतूंची टोके सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात आणि थरांची सरक सोनोग्राफीत मोजता येते; म्हणजे पायाभूत निरीक्षण पक्के आहे, त्यावरचा मजला मात्र घाईने चढवलेला आहे.

वावरधनी

मी दारव्हा भागातला शेतकरी आहे. वरील चर्चा पूर्ण समजली असे म्हणणार नाही, पण एक अनुभव विचारतो. आमच्या गावात एक म्हातारबा आहेत, ते मोहाचे किंवा तिळाचे तेल लावून अंगठ्याने कंबर चोळतात आणि शेवटी गरम विटेचा शेक देतात. हाताला गुण आहे असे सगळे मानतात. फवारणीच्या दिवसांत सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन वावर पालथे घातल्यावर खांदे आणि पाठ अशी भरून येते की त्यांच्याकडे गेल्याशिवाय झोप लागत नाही, आणि गेल्यावर खरोखरच मोकळे वाटते. फॅशिया हाताने हलतच नाही असे सर म्हणतात, मग हे मोकळे वाटणे कशाचे? आणि मेडिकलवाल्याने दिलेला कंबरेचा बेल्ट लावावा की नाही?

अस्थिपंजर

वावरधनी भाऊ, हाताने जाड फॅशियाची लांबी बदलत नाही, असे मी म्हटले; चोळल्याने काहीच होत नाही, असे नव्हे. त्वचेत आणि उथळ फॅशियात मज्जातंतूंचे जाळे दाट असते. त्यावर संथ, दीर्घ दाब पडला की मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेची सूचना काही काळ मंद करतात, स्नायूंचा ताण उतरतो, झोप येते. शेकाबद्दल म्हणाल तर प्रयोगशाळेत ४० अंश सेल्सिअसच्या पुढे हायल्युरोननच्या साखळ्यांचे पुंजके सुटू लागतात असे दिसले आहे. परंतु विटेची ऊब पाठीच्या जाड थरांपर्यंत तेवढी पोहोचते असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. म्हातारबांचा हात चांगला आहे, एवढे पुरेसे आहे. त्याला फॅशियाची पाटी लावण्याची गरज नाही.

रानजाई

सरांच्या उत्तरात थोडी भर घालते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम, दुखण्याविषयी नीट समजावून सांगणे आणि काही अटींसह मालिश यांना स्थान आहे. कंबरेचे बेल्ट आणि वजन लावून ओढणे हे मात्र नेहमीच्या उपचारात नको असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा म्हातारबांकडे जाण्यात मला काही गैर वाटत नाही, त्यांचा खर्चही परवडतो. एकदा मोकळे वाटल्यावर जो दीड-दोन दिवसांचा अवकाश मिळतो त्यात हालचाल वाढवावी. पुन्हा दुखेपर्यंत खाटेवर पडून राहिल्यास तो अवकाश वाया जातो. बेल्टसाठी पैसे घालू नयेत.

पंपाबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण तिथे दुखणे बहुधा निराळ्या प्रकारचे असते. सोळा लिटर पाण्याचेच सोळा किलो होतात, पंपाचे वजन वेगळे. हंगामाच्या सुरुवातीला, शरीराला सवय नसताना असे काम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग ठणकते त्यातही फॅशियाचा वाटा असल्याचे दिसते. २००९ मध्ये डेन्मार्कमधील गिब्सन आणि आरेंट-निल्सन यांच्या गटाने सवय नसलेल्या व्यायामानंतर पायाच्या स्नायूवरील फॅशियात खारट द्रावण टोचले, तेव्हा व्यायाम न केलेल्या पायापेक्षा तेथील वेदना वाढलेली होती. हे ठणकणे आपोआप उतरते. पहिले काही दिवस टाकी पूर्ण भरू नये, दोन्ही पट्टे सारखे आवळून पंप पाठीला चिकटून राहील असे पाहावे. एका खांद्यावर लटकवून चालणे टाळावे.

झाडीपट्टी

मी भंडारा जिल्ह्यातील आहे. धागाकर्त्या ताईंनी वाकण्याचा मुद्दा काढला, तो आमच्या भागाला सर्वांत अधिक लागू आहे, कारण कापूस वेचताना बाई निदान अधूनमधून झाडाच्या उंचीला उभी असते, धानाच्या रोवणीत मात्र गुडघे जवळपास ताठ ठेवून, घोटाभर चिखलात, दिवसभर पूर्ण वाकलेली असते. एका हातात पऱ्ह्यांची (धानाच्या रोपांची) जुडी, दुसऱ्या हाताने रोवणे आणि एकेक पाऊल मागे सरकणे. बांधीत बसायला जागा नाही आणि टेकायला काही नाही. रोवणी ठेक्याने असते; ठरलेले क्षेत्र लवकर संपवले तर दुसऱ्या शेतात जाता येते. अशा वेळी कोणी ‘दर वीस मिनिटांनी उभे राहा’ असे सांगू लागले तर ते विकल्या जाणाऱ्या पॅकेजइतकेच आमच्या बायकांच्या जगण्यापासून दूर आहे, हे मी नम्रपणे नोंदवतो. एक जण उभी राहिली की ओळ मागे पडते आणि सगळ्याजणी तिच्याकडे पाहतात.

रानजाई

दादा, आपला आक्षेप मला मान्य आहे आणि तो या चर्चेचा सर्वांत अवघड भाग आहे. किलोमागे मजुरी मिळणाऱ्या वेचणीतही तेच होते. ओटी भरेपर्यंत कोणी सरळ होत नाही, आणि भरलेली ओटी कंबरेलाच बांधलेली असते. घड्याळ लावून उभे राहा, असे मी कोणालाही सांगत नाही. कामात जे थांबे आधीच असतात तेवढेच मी धरते. निंदणात पात संपल्यावर, रोवणीत नवी जुडी घेताना, वेचणीत ओटी रिकामी करताना माणूस तसाही उभा राहतोच. त्या क्षणी दोन्ही तळहात कंबरेवर ठेवून चार-पाच वेळा हळूहळू मागे कलायचे, आणि लगेच वजनाचे गाठोडे उचलायचे नाही. मॅकगिल यांच्या प्रयोगाचा व्यवहारातला अर्थ हाच निघतो की बराच वेळ वाकून ऊतके सैलावलेली असताना लगेच जड वजन उचलणे धोक्याचे असते. म्हणून दिवसभर वाकल्यावर गाठोडे डोक्यावर घेण्याआधी निदान पाच मिनिटे चालावे. यात मजुरी बुडत नाही.

एकत्र काम करणाऱ्या बायकांनी ठरवून सगळ्यांनी एकदम सरळ व्हायचे असे केले तर ‘ओळ मागे पडते’ ही अडचण उरत नाही. आमच्या भागातील एका गटात मुकादम बाईनेच हे सुरू केले. तिची स्वतःची कंबर दुखत होती, हे कारण असावे. सर्व ठिकाणी जमेल असा माझा दावा नाही. पाणी प्यायला सर्वांनी एकदम थांबण्याची पद्धत मात्र जवळजवळ सर्वत्र आहे, तिलाच हे जोडता येते. रोवणी यंत्राने होऊ लागली आहे तिथे प्रश्न सुटतो आणि मजुरीही जाते, हा मुद्दा मी इथे वाढवत नाही.

कडुनिंब

मी ग्रामीण भागात वैद्यकीय अधिकारी आहे. चर्चा चांगली आहे, परंतु प्रत्येक कंबरदुखी फॅशियाची समजण्याची नवी साथ येऊ नये म्हणून काही गोष्टी नोंदवतो. आपल्याकडे सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण बऱ्याच समाजांत लक्षणीय आहे. अशा रुग्णाची अचानक उठलेली हाडांची तीव्र वेदना चोळून किंवा शेकून थांबवायची नसते, त्याला तातडीने दवाखान्यात आणायचे असते. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षे ते पाणी पिणाऱ्यांची पाठ आणि मान ताठ होत जाते आणि ती तक्रार ऐकायला अगदी ‘फॅशिया आखडला’ अशीच वाटते. तिथे आधी पाण्याची तपासणी हवी. रात्री झोपेतून उठवणारी वेदना, सायंकाळचा ताप आणि वजन घटणे असे एकत्र दिसले तर मणक्याच्या क्षयरोगाचा विचार करावा लागतो. लघवी-संडासवरचा ताबा सुटणे, जांघेच्या आतल्या भागाला बधिरता येणे किंवा पायातली शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे.

एक तक्रारही आहे. कंबर दुखली की डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन घेऊन दुसऱ्या दिवशी कामावर, ही सवय आपल्याकडे फार पसरली आहे. वारंवार घेतलेली ही औषधे, विशेषतः उन्हात पाणी कमी पडलेल्या शरीरात, मूत्रपिंडावर भारी पडतात. त्यापेक्षा वावरधनी यांचे म्हातारबा शतपटीने बरे.

शंकासूर

डॉक्टरांचा प्रतिसाद धाग्याच्या सुरुवातीला चिकटवून ठेवण्यासारखा आहे. मला एवढेच विचारायचे आहे की मग एमआरआय काढावा का? कारण आमच्याकडे कंबर दुखली की नागपूरला जाऊन एमआरआय आणि परत येताना ‘चार मणक्यांत गॅप’ अशी फाईल, असा क्रम ठरलेला आहे.

कडुनिंब

वर सांगितलेली धोक्याची लक्षणे नसतील तर पहिल्या काही आठवड्यांत त्याची गरज सहसा नसते. २०१५ मध्ये ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी, ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा तीन हजारांहून अधिक माणसांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा घेतला; विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्यांत झीज आढळली. फाईलमधला ‘गॅप’ म्हणजे दुखण्याचे कारण, असे समजून माणूस काम सोडतो, वाकायला घाबरतो, आणि मग रानजाई यांनी सांगितलेल्या डुकरांसारखी त्याची हालचाल बंद होते. नेहमीच्या एमआरआय अहवालात फॅशियाच्या थरांची सरक कळत नाही, हेही लक्षात घ्यावे. ती सोनोग्राफीनेच, तीही संशोधनासाठी, मोजली जाते; त्यामुळे ‘तुमचा फॅशिया खराब आहे’ असे हाताने चाचपून सांगणाऱ्याकडे त्या विधानाचा पुरावा नसतो.

जुनापुराणा

निवृत्त शिक्षक आहे. कंबरेवर इतके झाले, आता टाचेवर बोलावे ही विनंती. सकाळी उठून पहिले पाऊल टाकले की टाचेच्या आतल्या बाजूला सुरी खुपसल्यासारखे होते, दहा-बारा पावलांनंतर कमी होते. डॉक्टरांनी तळपायाच्या फॅशियाचा दाह सांगितला आहे. बाटली तळव्याखाली फिरवतो आहे, फरक नाही.

रानजाई

सर, आपण वर्णन केलेली पहिल्या पावलाची वेदना या आजाराची ओळखच आहे. २००३ मध्ये लेमाँट आणि सहकाऱ्यांनी या आजारासाठी शस्त्रक्रिया झालेल्यांचे ऊतक तपासले, तेव्हा त्यात दाहाच्या खुणा दिसल्या नाहीत. कोलॅजेनची झीज आणि विस्कटलेली मांडणी दिसली. झिजलेल्या ऊतकाला गोंजारण्याऐवजी हळूहळू वाढता भार द्यावा, या विचाराने डेन्मार्कमधील रॅथलेफ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ४८ रुग्णांची तुलना केली. एका गटाने तळव्याला ताण देण्याचे व्यायाम केले आणि दुसऱ्याने पायऱ्यांवर टाच उचलण्याचे. तीन महिन्यांनी दुसऱ्या गटाची स्थिती स्पष्टपणे चांगली होती. वर्षाअखेरीस मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच झाले, म्हणजे भार देण्याचा फायदा मुख्यतः लवकर बरे होण्यात आहे.

पद्धत अशी आहे : दुपट्टा गुंडाळून त्याची जाड घडी पायरीच्या कडेवर ठेवावी आणि पायाची बोटे तिच्यावर येतील असे उभे राहावे, म्हणजे बोटे वर वळलेली राहतात आणि फॅशियाला ताण बसतो. एका हाताने भिंत धरावी. तीन सेकंद घेऊन टाच वर न्यावी, दोन सेकंद थांबावे, तीन सेकंदांत पायरीच्या पातळीखाली आणावी. हे एका दिवसाआड करावे, रोज करू नये. सुरुवातीला एका पायावर जमत नसेल तर दोन्ही पायांवर करावे. मूळ अभ्यासात बारा आवर्तनांच्या तीन फेऱ्यांपासून सुरुवात होती आणि पुढे पाठीवरच्या पिशवीत पुस्तके भरून वजन वाढवत नेले होते. करताना थोडे दुखले तर चालते, दुसऱ्या दिवशी सकाळचे पहिले पाऊल अधिक दुखू लागले तर वजन कमी करावे. अनवाणी ओट्यावर फिरणे काही आठवडे टाळून जाड टाचेची चप्पल घरातही घालावी. मधुमेह असल्यास आणि तळव्याला बधिरता असल्यास हा व्यायाम सुरू करण्याआधी तळवे तपासून घ्यावेत. बाटली फिरवल्याने बरे वाटत असेल तर फिरवावी, तिच्यावर फार विसंबू नये.

जुनापुराणा

मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, बधिरता नाही असे वाटते. उद्या तळवे दाखवून येतो आणि मग पायरीचे सुरू करतो. वजनासाठी जुनी पाठ्यपुस्तके भरपूर आहेत.